राळ लावलेला स्टिरिओ

आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी बायकोच्या माहेरचा स्टिरिओ आमच्या घरी नांदायला आला. माझे सासरे खोपोलीला पॉवर हाऊसमध्ये नोकरीला होते. सासूबाई गेल्या, पाठोपाठ सासरे निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि ते गावात एका खोलीत राहायला गेले. त्या खोलीत एक तर सासरे मावले असते, नाही तर स्टिरिओ. तेव्हा त्यांनी तो पेंढ्यात बांधून, टेंपोत घालून कडावला आमच्याकडे धाडून दिला. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. हे कुणी पाठवलं, ते टेंपोवाल्यालाच विचारावं लागलं.

ही गोष्ट ऐंशी सालच्या आगेमागे घडली. स्टिरिओ मात्र त्याच्या वीसेक वर्षं आधीचा. चार लाकडी पायांवर उभं असलेलं ते एक सागवानी कपाटच होतं. वरचं झाकण उचललं की एका अंगाला रेडिओ, दुसऱ्या अंगाला तबकडी फिरवायचं ताट, आणि खाली जाड कापडामागे दोन बाजूंना दोन स्पीकर. बटण दाबलं की आतले काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत मिनिटभर थांबावं लागायचं. कॉलनीतले कुणी साहेब बदली होऊन जाताना तो सासऱ्यांना देऊन गेले होते. माझी आई त्याला पेटारा म्हणायची आणि येताजाता पदरानं त्याची धूळ पुसायची.

मी भाताच्या गिरणीचा धनी. वडिलांनी घातलेली गिरणी मी वाढवली. सुगी सरली की आसपासच्या गावांतलं भात आमच्याकडे भरडायला यायचं. गिरणीवाल्याचे कान आपोआप तयार होतात. तांदळाची कणी जास्त पडायला लागली तर मला ती घरात जेवताना नुसत्या आवाजावरून कळायची, आणि मी घास हातात घेऊन गिरणीकडे पळायचो. गावात लोक म्हणायचे, याच्यापुढे कुठलंही यंत्र टिकत नाही. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, याच्या खोलात मी कधी गेलो नाही.

सासरे दर रविवारी यायचे. खोपोलीहून गाडीनं कर्जत, कर्जतहून एसटीनं कडाव. दारात चपला काढून "काय, बरं ना सगळं?" एवढं विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता स्टिरिओसमोरच्या बाकड्यावर जाऊन बसायचे. बायको चहा आणायची, तबकडी लावायची आणि त्यांच्या शेजारी बसायची. दोघांची तोंडं स्टिरिओकडे. एक बाजू संपली की ती उठून दुसरी लावायची. असं दोन-अडीच तास चालायचं, आणि तेवढ्या वेळात बोलणं शून्य. आमच्या घरात गप्पा मारल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा पीत नाही. आई स्वयंपाकघरातून डोकावून मला हळूच विचारायची, "ह्यांच्यात भांडान झालंय का रं?" मग सासरे उठायचे, "बरं, येतो," म्हणायचे आणि निघायचे.

मला याची गंमत वाटायची आणि थोडा रागही यायचा. इतक्या लांबून यायचं आणि पोटच्या मुलीशी चार शब्द बोलायचे नाहीत, म्हणजे कमाल झाली. पण ते गेल्यावर बायको संध्याकाळभर खुशीत असायची. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं तरी ती स्वतःच हसायची. म्हणून मी तोंड मिटून घेतलं होतं.

एका दिवाळीनंतर गाणी मंदावली. तबकडीतली बाई पोटभर जेवून झोपेला आल्यासारखी गायला लागली. सासरे मान खाली घालून ऐकत राहिले आणि त्या रविवारी अर्धा तास आधीच उठले. पुढच्या रविवारी तासभर आधी. ते गेल्यावर बायको ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा गाणी ऐकायला येतात," ती म्हणाली. "गाणंच धड नसलं तर कशाला येतील? मग त्या खोलीत दिवसभर एकटेच बसतील."

"अगं, ते तुला भेटायला येतात."

"मला भेटायला येत असते तर बोलले नसते का?"

तिचे डोळे भरून आले होते. बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं की माझ्या अंगात भलताच शूरपणा संचारतो. "मी आहे ना," मी म्हणालो. तेवढं बोललो नसतो तर स्टिरिओ कदाचित आजही घरात असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणी बंद ठेवून मी स्टिरिओ उघडला. वरचं ताट उचललं, तर खाली रुपयाहून थोडं मोठं एक रबरी चाक. मोटारीच्या दांड्याला टेकून ते फिरतं आणि त्याच्या जोरावर वरचं ताट फिरतं. ते चाक घसरत होतं. हे पाहून मला इतका आनंद झाला की विचारू नका. घसरणं हा तर माझ्या ओळखीचा आजार. गिरणीत भुशाची धूळ बसून इंजिनाचा पट्टा घसरायला लागला की आम्ही फिरत्या पट्ट्यावर राळेचा खडा धरतो. राळ तापते, चिकट होते आणि पट्टा चाकाला घट्ट धरतो. राळ लावून ताळ्यावर आला नाही असा पट्टा मी जन्मात पाहिला नव्हता. मी गिरणीतून राळ आणली, एरंडेलात गरम करून पातळ केली आणि त्या चाकाला मायेनं लावली.

स्टिरिओ सुरू केला. गाणं ठणठणीत. मी बायकोला बोलावलं, आईला बोलावलं, शेजारच्यांनाही बोलावलं असतं. कमरेवर हात ठेवून मी अर्धा तास तिथंच उभा राहिलो. मग आम्ही जेवायला बसलो आणि तेवढ्यात राळ थंड होऊन आळली. जेवून येऊन पाहतो, तर चाक दांड्याला चिकटून बसलेलं. जोर लावून सोडवलं, तर त्याच्या कडेवर राळेच्या गाठी.

गिरणीचा दुसरा नियम असा की कुठलाही भाग खराब झाला की रॉकेलात टाकायचा. मी चाक वाटीभर रॉकेलात टाकलं आणि निवांत झोपलो. सकाळी ते भिजवलेल्या वालासारखं टरारून फुगलं होतं. जागेवर बसेना. मी ते कागदात गुंडाळून कर्जतला एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं दोन बोटांत धरून त्याचा वास घेतला.

"हे कुणी केलं?" त्यानं विचारलं.

"आमच्या गावातल्या एका मिस्त्रीनं."

"त्याला पुन्हा हात लावू देऊ नका. हे चाक आता मिळायचं नाही."

माणूस असं तोंडावर बोलला की माझं डोकं फिरतं. मिळायचं नाही म्हणजे काय? बनवता येतं की. गिरणीत भात सोलायच्या रबरी रोलचे झिजलेले तुकडे पडलेले असतात. त्यातला एक घेऊन मी कोयत्यानं कापला, दगडावर घासला आणि नवं चाक तयार केलं. बसवलं. गाण्याचा वेग अगदी बरोबर आला. पण चाक काही पुरतं गोल झालं नव्हतं. त्याच्या प्रत्येक फेऱ्याला दोन्ही स्पीकरमधून धब्ब करून आवाज यायचा. एका मिनिटात दीडशेच्या वर धब्ब. तीन दिवस मी ते घासत होतो. इकडे घासलं की धब्ब तिकडे जायचा. तिसऱ्या दिवशी मी चिडून पान्हा अंगणात भिरकावला, कोंबड्या ओरडत उडाल्या आणि बायको दारात येऊन उभी राहिली.

"पुरे," ती म्हणाली. "विकून टाकू. असा धडधडताना बाबांना ऐकवायचा नाही मला. आणि मुका उभा राहिलेलाही त्यांना दिसायला नको. रविवारच्या आत तो घरातून गेला पाहिजे."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांत होती, आणि ते मला फार लागलं.

शेजारच्या गावात एकजण लग्नकार्याला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, लग्नसराई तोंडावर आली होती आणि त्याचं तबकडी वाजवायचं यंत्र नेमकं बंद पडलं होतं. शनिवारी सकाळी तो टेंपो घेऊनच आला. स्टिरिओभोवती दोन फेऱ्या मारल्या, लाकडावर बोटं वाजवली, म्हणाला, "माल बरा हाय. वाजवून दावा."

मी आधीच विचार करून ठेवला होता. ढोलकी खणखणत असलेली एक तबकडी काढली आणि आवाज मोठा ठेवून लावली. ढोलकीच्या मागे माझा धब्ब लपून गेला. लाऊडस्पीकरवाला मान डोलवायला लागला. मला वाटलं, जमलं.

"अहो," बायको म्हणाली, "आता ती दुसरी लावा. संथ गाण्याची."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. लग्न झालेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. मी संथ गाण्याची तबकडी लावली. पहिलीच ओळ सुरू झाली आणि तिच्याखाली धब्ब धब्ब धब्ब. गाणारी बाई देवाची आळवणी करते आहे आणि मागे कुणी भात कांडतं आहे, असं ते ऐकू येत होतं.

"ह्ये काय वाजतंय?" त्यानं विचारलं.

"यांनी केलेलं चाक," बायकोनं सांगितलं. "तो आवाज जाणार नाही. घ्यायचा तर हे माहीत असून घ्या."

तो नुसता उभा राहिला. मी मनात म्हटलं, गेला सौदा. तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. उजवा पाय जमिनीवर ठेका धरत होता. थोड्या वेळानं खांदेही हलायला लागले.

"आयला," तो म्हणाला, "ह्यो तर हळदीचा ठेका हाय. हळदीत मानसं नाचायला उठत नाय, त्यांना असाच कायतरी पायजे. ह्ये दुरुस्त नका करू."

"होतच नाही," बायको म्हणाली.

"मंग बेस."

आमच्या भागात हळदीच्या दिवशी अख्खा गाव नाचतो, आणि त्या माणसाला माझ्या कोयत्याच्या कामात जे दिसलं ते मला तीन दिवसांत दिसलं नव्हतं. व्यवहार बायकोनंच केला. किती आले ते तिनं मला अजून नीट सांगितलेलं नाही. तबकड्या त्यानं सगळ्या नेल्या आणि वर मंडपातल्या दोन घडीच्या लोखंडी खुर्च्या खुशीनं देऊन गेला. टेंपो वळला तेव्हा आईनं डोळ्याला पदर लावला. मला मात्र हसू येत होतं, आणि ते येतंय याची लाजही वाटत होती.

रविवारी सासरे आले. स्टिरिओच्या जागी आईनं बाकडं हलवून त्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. तिला माणसं अशीच बसलेली ठाऊक. सासऱ्यांनी चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि थांबले.

"गेला का?"

"विकला, बाबा."

ते जाऊन एका खुर्चीवर बसले. बायको दुसरीवर बसली. आता दोघांना एकमेकांशिवाय बघायला काहीच नव्हतं, म्हणून सासऱ्यांनी आधी छताची कौलं पाहिली, मग स्वतःचे पाय पाहिले. मी उंबऱ्यात उभा राहून तोंडातल्या तोंडात कबुलीजबाब घोळवत होतो. तेवढ्यात सासरेच बोलले.

"माझ्यामुळंच गेला तो. दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्याचं चाक कुरकुरत होतं. तू चहा करायला आत गेली होतीस. माझ्या खिशात तेलाची कुपी असते, पॉवर हाऊसमधली सवय. ताट उचलून दोन थेंब सोडले. ते चाक कोरडंच चालवायचं असतं, हे मला काय ठाऊक? आमच्याकडं कोरडं काही फिरतच नाही. तेव्हापासून गाणं मंदावलं. तुझ्यासमोर बसवेना मला, म्हणून लवकर उठायचो."

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. आईनं आणलेला चहा संपेपर्यंत मी गप्प राहिलो आणि त्या म्हाताऱ्या माणसाला सगळा दोष एकट्याच्या अंगावर घेऊ दिला. मग बायकोनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन सगळं सांगून टाकलं. राळ, एरंडेल, रॉकेल, कोयता.

सासऱ्यांची मान ताठ झाली. "राळ? तेलावर?"

"मामा, तेल आहे हे मला कुठे ठाऊक होतं?"

"बोट लावून बघायचं असतं आधी."

"आणि तेल सोडायच्या आधी विचारायचं असतं."

"तेलानं रबर फुगतं, पण सावकाश. रॉकेलात टाकलंत तिथं सगळं संपलं."

"तेल नसतं तर राळ बसली असती."

आम्ही दहा मिनिटं असे भांडलो. आवाज ओटीवर जात होता. इतक्या दिवसांत ते आमच्या घरात जेवढं बोलले होते त्याहून जास्त त्या दहा मिनिटांत बोलले. शेवटी आई चुलीजवळून म्हणाली, "दोघं बी मिस्त्रीच. पेटारा बिचारा कोनाला सांगनार?" त्यावर आधी बायको हसली, मग मी, आणि मग सासरेही हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढचा एक दात पडलेला होता, तेही मला तेव्हाच कळलं.

हसणं ओसरलं तशी बायको एकदम गंभीर झाली. "बाबा, आता गाणी नाहीत. आता कशाला याल तुम्ही?"

ते बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा करत राहिले.

"मला गाण्यातलं काय कळतंय, बाळ?" ते म्हणाले. "तुझी आई लावायची. तिच्या शेजारी बसायला मिळायचं. मग तू लावायला लागलीस."

"मग बोलायचं नाही का काही?"

"काय बोलायचं ते सुचत नाही. गाणं चालू असलं की कुणी बोल म्हणत नाही."

"मला त्या तबकड्यांचा वीट आला होता," बायको म्हणाली. "तीच तीच गाणी. तुम्ही बसायचात म्हणून लावायचे."

यानंतर दोघं पुन्हा गप्प झाले, अगदी पूर्वीसारखे. मला त्या दोघांची दयाही आली आणि दोघांना धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. सासरे उठले, "बरं, येतो," म्हणाले. पुढच्या रविवारचं काही बोलले नाहीत. एसटी सुटेपर्यंत बायको नाक्यावर उभी होती. तो आठवडा तिनं कसा काढला ते मी पाहिलंय. गुरुवारी तिनं भातात मीठ घातलं नाही, शुक्रवारी दोनदा घातलं.

रविवारी नेहमीच्या एसटीला ते आले नाहीत. तिनं केलेला चहा मीच प्यायलो. दुसरी एसटी आली, त्यातही नव्हते. तिनं एक खुर्ची घडी घालून भिंतीला लावून ठेवली. मी काही बोलायला गेलो, तर म्हणाली, "राहू द्या."

जेवणाच्या वेळेला सासरे दारात उभे. कर्जतला एसटी चुकली होती म्हणे, म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत चालत आले होते आणि पुढे कुणाच्या तरी बैलगाडीत बसून. सदरा घामानं भिजलेला. "काय, बरं ना सगळं?" त्यांनी विचारलं आणि या वेळी उत्तर येईपर्यंत थांबले. मग भिंतीला लावलेली खुर्ची स्वतःच उघडून बसले, खिशातून चष्मा काढला आणि पाठोपाठ घडी घातलेला एक कागद. पॉवर हाऊसमध्ये तासातासाला मीटरच्या काट्यांचे आकडे लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अक्षर अगदी रेखीव, ओळीला आकडा, आकड्यापुढे मजकूर.

"आयत्या वेळी सुचत नाही," ते म्हणाले, "म्हणून आठवडाभर आठवेल तसं लिहून ठेवलं."

बायको त्यांच्यासमोर बसली. त्यांनी पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"एक. लग्न ठरवायच्या वेळी मला बघून तुझी आई तिच्या बहिणीला म्हणाली होती, हा माणूस मुका आहे की काय. मी दाराबाहेरच होतो."

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं विचारलं, तुम्ही काय म्हणालात? हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, विचार केला आणि सांगायला लागले. ते सांगता सांगता जेवणं झाली, आईची दुपारची झोप झाली, चहा झाला. मग दुसरं सुरू झालं. मी मधेमधे गिरणीत जाऊन येत होतो आणि दर वेळी ती दोघं तशीच समोरासमोर बसलेली दिसत होती.

संध्याकाळी त्यांना एसटीत बसवून आम्ही परत निघालो. घर जवळ आल्यावर बायको म्हणाली, "ते हात धुवायला गेले तेव्हा मी कागद पाहिला. एकवीस आहेत. आज दोनच झाली."